मुखपृष्ठावरची पाच नावं

माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये 'जलप्रदूषण फायनल' नावाची एक फाइल आहे. अकरा पानांची. ती मी लिहिलेली नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी एक मुलगा पेनड्राइव्हवर घेऊन आला, प्रिंट काढून गेला आणि फाइल मागे राहिली. तेव्हापासून दर डिसेंबर-जानेवारीत ती बाहेर निघते. मुखपृष्ठावरची पाच नावं बदलायची, शाळेचं नाव बदलायचं, इयत्तेपुढचा आकडा बदलायचा, झाला नवा प्रकल्प. मागच्या हंगामात मी ती सतरा गटांसाठी छापली. सतरा पंचे पंच्याऐंशी मुलांनी 'गटात काम करून' जलप्रदूषणाचा अभ्यास केला, असं कागदोपत्री म्हणता येईल. त्या अकरा पानांत गंगा आहे, यमुना आहे, कानपूरचे चामड्याचे कारखाने आहेत. तापी नाही. ती आमच्या गावापासून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत आहे. आणि प्रस्तावनेच्या पहिल्याच ओळीत 'जलप्रदूषण'च्या जागी 'जनप्रदूषण' छापलंय. मला ती चूक पहिल्याच वर्षी दिसली होती. आजवर एकाही गटाची वही त्या शब्दाभोवती लाल गोल घेऊन परत आलेली नाही.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावात झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान चालवतो. शिकलो मात्र शिक्षक व्हायला. डी.एड. झालो, काही महिने रजेच्या जागेवर शिकवलं, आणि २०१२ मध्ये राज्यातली शिक्षकभरती थांबली. पुन्हा हालचाल दिसायला २०१७ ची अभियोग्यता चाचणी उजाडावी लागली. तोवर माझी मुलगी पहिलीत गेली होती आणि दुकानाचं कर्ज निम्मं फिटलं होतं. आमच्या बॅचमधले कितीतरी जण आज केळीच्या गाड्यांचे हिशेब लिहितात नाहीतर विमा विकतात. तेव्हा पुढे जे म्हणणार आहे ते शिक्षणशास्त्र शिकलेल्या पण वर्गाच्या दाराबाहेर राहिलेल्या माणसाचं आहे, आणि ज्याच्या गल्ल्यात प्रकल्पांचा पैसा पडतो अशा माणसाचंही आहे. दोन्ही लक्षात ठेवून वाचावं.

हंगामात काउंटरपुढे उभे राहणारे पालक एकच वाक्य म्हणतात: "भाऊ, हे प्रकल्प बंदच करायला पाहिजेत." मुलांना सक्तीनं गटात घालायचं, घरच्यांना कामाला लावायचं, पैसे घालवायचे आणि शिकायचं काहीच नाही, असा त्यांचा हिशेब. शेवटचा भाग मला पटतो. पण रोग त्यांनी चुकीच्या ठिकाणी शोधलाय असं मला वाटतं. गटप्रकल्पातली सक्ती हीच त्यातली राखण्यासारखी गोष्ट आहे. बिघडलंय ते दुसरीकडे: काम घरी जातं, आणि गुण पाचांना मिळून एक पडतो.

आधी पैशाचं बोलून टाकतो, कारण ते मला सगळ्यात नीट माहीत आहे. चार कार्डशीट, रंगीत प्रिंट, स्पायरल बायंडिंग, स्केचपेन, वर लावायला चकाकणारी पट्टी, हे सगळं धरून एका प्रकल्पाचं बिल माझ्याकडे दोनशेच्या आसपास जातं. देखावा असेल तर जास्त. (२०१८ च्या मार्चमध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत 'प्लास्टिकमुक्त गाव' हा देखावा लोक थर्माकोलवरच उभा करायचे, आणि मीही ते हसत हसत विकायचो. आता सनबोर्ड विकतो.) पाच जणांत विभागले तर चाळीस रुपये, फार नाहीत. पण ते पाचांत विभागले जात नाहीत. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो देतो, मग तो गटाचा मालक होतो, आणि ज्यानं काही दिलं नाही तो मागे उभा राहून मोबाइल बघतो. ज्याच्या आईची दिवसभराच्या निंदणीची मजुरी अशा एका बिलात जाईल, ते पोर मुद्दाम मागे राहतं. बाकीचे म्हणतात, हा काही करत नाही.

अशाच एकाला मी विचारलं होतं, तू का रे बाहेर? तो म्हणाला, "माले काहीच काम दिधं नही." तक्रारीचा सूर नव्हता त्याच्या बोलण्यात. मुखपृष्ठावर मात्र त्याचं नाव होतं, चौथ्या क्रमांकावर.

हे सगळं आलं कुठून? शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि त्याच वर्षीच्या २० ऑगस्टच्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. आकारिक, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता करायच्या, मूल्यमापनाची आठ साधनं ठरली: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय, आणि गटकार्य-स्वयंमूल्यमापनासारखी इतर. पहिली-दुसरीला या आकारिक भागाला ७० टक्के वजन, वर जाता जाता कमी होत सातवी-आठवीला ४०. विचार चांगला होता आणि आजही चांगलाच आहे. लेखी पेपरात न दिसणारं पोर कुठेतरी दिसावं, एवढाच तो विचार. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही प्रकल्प आहेत आणि सोबत्यांनी एकमेकांचं मूल्यमापन करणं आहे. म्हणजे प्रकल्प जाणार नाहीत. पालकांनी ती आशा सोडलेली बरी.

प्रकल्प पद्धतीचं मूळ आम्ही डी.एड.ला पाठ केलं होतं. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये ती मांडली, आणि तिच्या पायऱ्या चार: हेतू, नियोजन, कार्यवाही, मूल्यमापन. चारही पायऱ्या मुलानं चढायच्या, हे त्यातलं मर्म. काउंटरच्या या बाजूनं बघतो तर हेतू शिक्षकांचा असतो, नियोजन आईचं, कार्यवाही माझी, आणि मूल्यमापन कुणाचंच नाही.

आता गटाकडे येतो. फ्रान्समध्ये मॅक्सिमिलियन रिंगलमन नावाचे एक शेती-अभियंता होते. त्यांनी १८८० च्या दशकात माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि आकडे १९१३ मध्ये छापले. एकट्याचा जोर १०० धरला तर दोघं मिळून ओढताना प्रत्येकाचा ९३ वर येतो, तिघांत ८५ वर, आणि आठ जणांत ४९ वर. म्हणजे आठ माणसं दोराला लावली की चारांचं काम होतं. शाळेच्या मैदानात रस्सीखेच बघितलेल्या कुणालाही यात नवल वाटू नये. मागचे दोघं तोंडं वेडीवाकडी करण्यातच जास्त जोर लावत असतात. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत बिब लाटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवणं आणि ओरडणं यावर असाच प्रयोग केला. गट वाढला की दर माणशी आवाज घटला. पण मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचाच १९८१ चा पुढचा प्रयोग. त्यात ओरडणाऱ्यांना सांगितलं की गटात असलात तरी प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे. आळस जवळपास नाहीसा झाला.

गट तोच, माणसं तीच. आपलं काम दिसणार आहे, एवढं कळल्यानं फरक पडला.

आपल्या प्रकल्पांत नेमकं हेच झाकलं जातं. पाच नावं, एक वही, एक गुण. माझ्या मुलीचं आठवीतलं सांगतो. विषय होता गावातील पाणीपुरवठा. तिनं नगरपरिषदेत जाऊन माहिती आणली, माझ्याच दुकानात बसून टाइप केली, नकाशा काढला. गटातल्या एकीनं मुखपृष्ठावर फुलं काढली, बाकीच्या तिघींनी सह्या केल्या. पाचही जणींना सारखे गुण. मला वाटलं, पोरगी रडेल किंवा भांडेल. तिनं शांतपणे सांगितलं, "पप्पा, पुढच्या वेळी मी पण काहीच करणार नाही." नॉर्बर्ट केर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये प्रयोगात हेच दाखवलं होतं: सोबती फुकट बसलेला दिसला की काम करणाराही हात आखडता घेतो, मग त्यात स्वतःचं नुकसान झालं तरी चालेल. माझ्या पोरीला केर माहीत नाहीत. सहकार्य शिकावं म्हणून दिलेल्या कामातून ती हे शिकली. आणि बापाला उत्तर सुचलं नाही.

काही शिक्षकमित्र म्हणतात, आपल्या समाजाला एकत्र काम करायची सवयच राहिलेली नाही, पोरं तरी काय करतील. हे ऐकलं की मला माझ्या आजोळचे नाना आठवतात. साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी त्यांची शेती. तिकडे पूर्वापार फड पद्धत. धुळे जिल्ह्यातल्या पांझरा, कान या नद्यांवर लोकांनीच बांधलेले दगडी बंधारे, त्यातून निघालेले पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे केलेले मोठे मोठे फड. तीन-चारशे वर्षांची ही व्यवस्था. एका फडात एका हंगामात एकच पीक, सगळ्यांचं. यंदा ऊस कुठल्या फडात, कुठल्या फडाला हंगामी पाणी, कुठला कोरडा, हे गाव बसून ठरवायचं. बहुतेकांची जमीन थोडी थोडी प्रत्येक फडात असायची, त्यामुळे एखादा फड कोरडा राहिला तर फटका एकट्याला बसत नसे. पाणी सोडायला पाटकरी, पिकाच्या राखणीला जागल्या, आणि त्यांचा मोबदला सगळ्यांनी मिळून पिकातून द्यायचा.

नानांना यात काही थोर वाटत नसे. उलट ते कुरकुरतच सांगायचे. माझ्या जमिनीत मला भुईमूग लावायचा, पण फड म्हणतो गहू, तर गहू. याहून मोठी सक्ती कुठली? तरी ती चालली, कारण प्रत्येकाचा वाटा बांधलेला होता. पाट साफ करायला ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा वाटा. आला नाही तर अख्ख्या गावाला दिसायचं कोण आला नाही ते. पाणी सामायिक, पाट सामायिक, बंधारा सामायिक; पण आपल्या तुकड्यातलं पीक ज्याचं त्याच्या घरी जायचं. सगळं धान्य एका ढिगात ओतून मग पाच जणांना समान वाटायचं, असं कुणी केलं नाही. केलं असतं तर पुढच्याच वर्षी पाटात गवत उगवलं असतं.

सामायिक काय ठेवायचं आणि ज्याचं त्याला काय द्यायचं, हे त्या लोकांना मूल्यमापनाच्या आठ साधनांशिवाय कळत होतं.

भरीत पार्टीचंही तसंच आहे, जरा हलक्या अंगानं. हिवाळ्यात शेतात कुणी कपाशीच्या काड्या पेटवतो, कुणी वांगी भाजतो, कुणी बोटं भाजून घेत सोलतो, कुणी मिरच्या-लसणासकट लाकडी भांड्यात ठेचतो. फक्त जेवायच्या वेळी उगवणारा एक जण प्रत्येक टोळीत असतोच. पण त्याला नाव पडतं, आणि ते नाव वर्षभर पुरतं. गुणपत्रिकेची तिथे गरज लागत नाही. शाळेत मात्र गुण आहेत, आणि गुण जिथे आहेत तिथे ते कुणाचे, हा प्रश्न टाळता येत नाही.

आता सक्तीचं. मुलांना आपापला गट निवडू द्या, म्हणजे भांडणं होणार नाहीत, असं पालक सुचवतात. मी दुकानात असे स्वतः निवडलेले गट रोज बघतो. एका गल्लीतली पोरं एकत्र येतात. एका समाजाची, एका क्लासची, एका व्हॅनमधून येणारी. शाळेच्या पटावर सगळं गाव असतं, काउंटरपुढे मात्र गल्ल्या उभ्या असतात. गट कुणाच्या घरी बसणार, हा साधा प्रश्न वाटतो. पण कुणाच्या घरी पाणी प्यायचं आणि कुणाला ओट्यावरच बसवायचं, हे त्यातच ठरत असतं. मुलींचं आणखी वेगळं. एसटीचा पास मोफत आहे, पण पाचची बस चुकली तर खेड्यावर पोचायला काही नाही, आणि गटाचं काम नेमकं शाळा सुटल्यावर. मग 'ती आलीच नाही' असा शेरा. घरी नेलेला प्रकल्प हा ज्याचं घर मोठं, शाळेजवळ आणि कटकटीविना आहे त्याचाच प्रकल्प असतो.

एक प्रसंग मला विसरता येत नाही. विषय 'सातपुड्यातील वृक्ष'. चार मुलं गावातली, पाचवा वसतिगृहात राहणारा, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा पावरा आदिवासी मुलगा. चौघं स्क्रीनवर फोटो शोधत होते, मी छापत होतो: मोह, चारोळी, सालई, अंजन. पाचवा पायरीवर बसलेला. प्रिंट वाळायला बाहेर ठेवल्या तेव्हा तो एकदम उठला आणि एक कागद उचलून म्हणाला, "भाऊ, हा अंजन नाही. हा कांचन आहे. अंजनाची दोन पानं वेगळी वेगळी असतात, याचं जोडलेलं आहे." मी परत शोधलं. पोराचं बरोबर होतं. मग त्याला विचारत गेलो आणि तो सांगत गेला: कुठलं झाड नाल्याच्या कडेला येतं, कुठल्याचा डिंक, मोहाची फुलं वेचायला किती वाजता निघतात, पावरीत कशाला काय म्हणतात. चौघांच्या तोंडाकडे बघण्यासारखं होतं. आठ दिवस ते ज्या विषयाची माहिती नेटवर शोधत होते, ती माहिती पायरीवर बसलेली होती. कुणी विचारलंच नव्हतं. त्या वहीतला फोटो तेवढा बदलला. बाकी मजकूर आधीच बायंड झाला होता.

हा मुलगा त्या गटात आला कसा? शिक्षकांनी हजेरीच्या क्रमानं गट पाडले म्हणून. निवड मुलांवर सोडली असती तर तो वसतिगृहातल्या पोरांसोबतच राहिला असता आणि त्या चौघांना कांचन हाच अंजन म्हणून जन्मभर पुरला असता. म्हणून म्हणतो, सक्ती ठेवा. ती एवढं तरी करते की नसती भेटली ती पोरं भेटतात. पण भेट घडवून पुढे काहीच करायचं नाही, तर ते एका पायरीवर बसवण्यापलीकडे जात नाही.

पुढे काय करायचं, याचं एक जुनं उदाहरण आहे. १९७१ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळा एकत्र केल्या गेल्या आणि वर्गात तणाव उसळला. एलियट अरोन्सन या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथे धड्याचेच तुकडे केले. गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा. ज्याच्याकडे जो तुकडा, तो त्यानं शिकून बाकीच्यांना सांगायचा. दुसरीकडून तो मिळायची सोय नाही. आणि शेवटी परीक्षा ज्याची त्यानं द्यायची. ज्या पोराकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्याचं ऐकून घेणं भाग पडलं. सहकार्याचं व्याख्यान कुणी दिलं नाही. कामच असं कापलं की एकट्यानं होऊ नये आणि कुणाला लपता येऊ नये. आमच्या पावरा मुलाकडे सातपुड्याचा तुकडा जन्मतःच होता. तो मागायचा मात्र कुणाला सुचलं नाही.

गुणांच्या खैरातीबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण सगळी सोंगं तिथून सुरू होतात. दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांना असलेले २० अंतर्गत गुण २०१८-१९ साली काढले. मार्च २०१८ चा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ चा ७७.१० वर आला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सगळी घसरण त्या वीस गुणांच्या माथी मारणं बरोबर नाही. पण ओरड इतकी झाली की पुढच्याच वर्षी गुण परत आले. माझा त्या गुणांना विरोध नाही. एवढंच दिसतं की अंतर्गत गुण हे आपल्याकडे पोरांना पुरातून काढायचा दोर झाले आहेत, आणि दोर म्हटला की तो सगळ्यांना सारखा टाकायचा असतो. मग शाळेतल्या प्रकल्पाला पाचही जणांना सारखे गुण का, याचं आश्चर्य कशाला? वही उघडली तर फरक करावा लागेल. 'जनप्रदूषण' त्यामुळेच सुखरूप आहे.

आता दुसरी बाजू. तालुक्यातल्याच एका खेड्याच्या शाळेतले सर एकदा माझ्याकडे फक्त आलेख कागद घ्यायला आले. बावीस मुलं, अकरा विहिरी, दोघांना एक. ऑक्टोबरपासून दर पंधरा दिवसांनी दोरीला हात-हातभर अंतरावर गाठी मारून पाण्याची पातळी मोजायची, सोबत घरातलं मोठं माणूस हवंच अशी अट. मोजलेलं वर्गात आणायचं आणि भिंतीवरच्या एका मोठ्या आलेखात आपल्या विहिरीचा ठिपका आपण टाकायचा. बाकी सगळं काम शाळेच्या वेळेत. मार्चमध्ये मी मुद्दाम बघायला गेलो. अकरा रेषा उतरत गेलेल्या. एका रेषेत मध्येच तीन ठिपके गायब. मी विचारायच्या आत वर्गातून आवाज आला, "ते लग्नाले गयथात!" सगळा वर्ग हसला, ते दोघं पण हसले, आणि खिडकीकडे बघायला लागले. सरांनी ती जागा भरून काढायला सांगितली नव्हती. मोजलं नाही, तर ठिपका नाही.

आणखी गंमत म्हणजे एक रेषा बाकीच्यांपेक्षा भराभर खाली जात होती. पोरांनीच शोधून काढलं की शेजारच्या शेतात नवी बोअर झालीय. यावल-रावेर पट्ट्यात केळीच्या बागांनी भूजल किती खोल नेलंय ते इथे शेंबडं पोर पण जाणतं. पण आपल्या गल्लीतलं, नावानिशी, भिंतीवर? गावात कुरबूर झाली. सरांना कुणीतरी 'पोरांना नसते उद्योग लावता' म्हणून सुनावलंही. माझ्या मते प्रकल्प चांगला झाल्याची ती खूण होती. 'जलप्रदूषण फायनल' वाचून आजवर कुणाचं कुणाशी भांडण झालेलं नाही.

माझ्या दुकानाला त्या प्रकल्पातून नऊ रुपये मिळाले.

शिक्षकांची अडचण मला ठाऊक आहे. साठ-पासष्टचा वर्ग, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब, आणि त्यात प्रत्येक विषयाचा प्रकल्प तपासायचा. तपासणं शक्यच नाही, म्हणून वजन करून गुण दिले जातात. जाड वहीला जास्त. मग कमी करा ना. आठ विषयांचे आठ प्रकल्प घेण्यापेक्षा सत्राला सगळ्यांचा मिळून एकच घ्या. विहिरींच्या त्या आलेखात भूगोल होता, गणित होतं, विज्ञान होतं, आणि गावाला द्यायचा अहवाल लिहिला तर मराठीही होतं. गट शिक्षकांनी पाडावेत, काम शाळेत व्हावं, विकतचं सामान बाद करावं. वही सामायिक असू द्या. गुण देताना प्रत्येकाला समोर बोलावून दोन प्रश्न विचारा. तू काय केलंस, आणि तुझ्या सोबत्यानं जे केलं ते मला समजावून सांग. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. पासष्ट मुलांना दोन-दोन मिनिटं धरली तरी चार-पाच तासिका लागतात. आठ विषयांच्या सगळ्या जाड वह्यांवर सह्या करायला त्याहून कमी लागत नसाव्यात.

लाजरी मुलं यात भरडली जातील, असं मला एका बाईंनी सांगितलं. असेल. पण पाच जणांच्या घोळक्यात ती आज जास्त भरडली जातात असं मला वाटतं. दोघांच्या गटात बोलायला एकच माणूस असतं, आणि विहीर तर काहीच बोलत नाही.

मुलगी आता नववीत आहे. यंदाही गट पडलेत, विषय आलेत, आणि तिच्या गटातल्या एकीनं काल दुकानात येऊन विचारलं, "काका, तुमच्याकडे तयार आहे ना काही?" मुलगी माझ्याकडे बघत होती. आहे, असं मी म्हणालो नाही, पण नाही असंही म्हणालो नाही. धंद्याची वेळ होती, मागे गर्दी होती.

रात्री दुकान बंद करताना ती फाइल उघडली. 'जनप्रदूषण'मधला 'न' खोडून 'ल' करायला एक सेकंद लागला असता. केला नाही. कुणीतरी सर किंवा मॅडम त्या शब्दाभोवती लाल गोल करतील आणि पाच पोरांना वही घेऊन माझ्या दुकानावर परत पाठवतील, तेव्हा दुरुस्त करीन.